‘हा दगड पॉम्पी स्टीव्हन्सने कोरला’

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट गावच्या जुन्या दफनभूमीत कबरीवरचा एक दगड आहे. तो कोरणाऱ्याने त्यावर स्वतःचं नाव घातलंय आणि हा कोरणारा गुलाम होता असं सांगतात. हे खरं का? त्याच्या हातचं आणखी काही शिल्लक आहे का, आणि असलं तर ते ओळखायचं कसं?

आधी सरळ उत्तर देतो. हो, खरं आहे. पॉम्पी स्टीव्हन्सने नावानिशी कोरलेले निदान दोन दगड पक्के माहीत आहेत. एक १७६५ सालचा, पॉम्पी लिंडन नावाच्या लहान मुलाचा. दुसरा १७६८ सालचा, कफी गिब्ज या चाळीस वर्षांच्या माणसाचा. तुम्ही पाहिलात तो बहुधा हा दुसरा. यापलीकडे ‘हाही त्याचाच असावा’ म्हणून जे दगड दाखवले जातात, त्यांच्या बाबतीत मी हात राखून बोलतो. का, ते सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

माझा धंदा सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी पुण्याकडे शिलालेखांचे ठसे घ्यायला शिकलो: ओला कागद, ब्रश, शाई. पुढे न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांत आलो आणि गेली बरीच वर्षं इथल्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या कबरींचे दगड दुरुस्त करतोय. कलेल्याला सरळ करणं, फुटलेल्याला सांधणं, आणि दगडापेक्षाही जास्त वेळ, दगडावर चुकीचं काही लावू पाहणाऱ्या माणसांना थांबवणं.

१७०५ साली जॉन स्टीव्हन्स नावाच्या इंग्लंडहून आलेल्या गवंड्याने न्यूपोर्टच्या थेम्स स्ट्रीटवर दगडकामाचं दुकान घातलं. चुली, पाये, भिंती, सगळं करायचा; त्यातच कबरींचे दगडही. त्याच्या मुलांनी धंदा वाढवला. नातू, तिसरा जॉन, कोवळ्या वयातच असा तयार झाला की त्याने कोरलेले चेहरे म्हणजे खरीखुरी व्यक्तिचित्रं आहेत. या दुकानाचे दगड जहाजांतून दक्षिणेकडच्या वसाहतींपर्यंत जात. दुकान आजही चालू आहे. १९२७ मध्ये ते जॉन हॉवर्ड बेन्सन यांनी घेतलं. त्यांच्या मुलाने आर्लिंग्टनच्या दफनभूमीत राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या समाधीवरची अक्षरं कोरली आणि नातू निकोलस बेन्सन यांना २०१० मध्ये मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला. तीनशेहून जास्त वर्षं एकाच रस्त्यावर छिन्नीचा आवाज चालू असलेलं दुकान मला तरी जगात दुसरं माहीत नाही.

या इतिहासातली एक गोष्ट फार दिवस हळू आवाजात सांगितली जायची. न्यूपोर्ट हे गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर होतं. ब्रिटिश उत्तर अमेरिकेतून आफ्रिकेकडे निघालेल्या गुलामवाहू सफरींपैकी निम्म्याहून अधिक एकट्या ऱ्होड आयलंडच्या व्यापाऱ्यांच्या होत्या. वेस्ट इंडीजमधून काकवी यायची, न्यूपोर्टात तिची रम व्हायची, रम आफ्रिकेला जायची, तिच्या बदल्यात माणसं. त्यातली काही माणसं न्यूपोर्टातच विकली गेली आणि गावातल्या जवळपास प्रत्येक धंद्यात राबली: गोदीत, दोरखंडाच्या कारखान्यात, सुतारकामात, छापखान्यात. पाथरवटाच्या दुकानातही. पॉम्पीचं ‘स्टीव्हन्स’ हे आडनाव मालकांचं.

आता काम कसं चालायचं ते बघा, कारण उत्तराची किल्ली तिथे आहे. दगड स्लेटचा, म्हणजे आपल्या लहानपणच्या पाटीचा सख्खा चुलतभाऊ. बारीक कणांचा, थरांचा. खाणीतून फळी सुटते, ती घासून सपाट करतात. वरची कड तीन कमानींची कापतात: मधली मोठी, बाजूला दोन लहान. पलंगाच्या उशाकडच्या फळीसारखी दिसते, आणि पायाकडे तसाच छोटा दगड असतो, म्हणजे खरोखर बिछानाच. मग टोकदार खिळ्याने केसाएवढ्या रेघा आखतात, त्यावर अक्षरं रेखतात आणि छिन्नी-मोगरीने इंग्रजी ‘व्ही’सारख्या खाचेत ती कोरतात. वरच्या कमानीत चित्र. सतराव्या शतकात ते पंख फुटलेली कवटी असायचं. अठराव्याच्या मध्याला न्यूपोर्टात कवटी मागे पडून पंखवाला गोल चेहरा आला होता. कफी गिब्जच्या दगडावर असाच चेहरा आहे.

या प्रत्येक पायरीवर वेगळा हात असू शकतो. फळी घासणारा एक, कडेची वेलबुट्टी करणारा दुसरा, अक्षरांचा तिसरा. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवसापासून सांगतात ते एकच: मालकासारखं कर. दुकानातून निघालेला दगड दुकानाचा दिसला पाहिजे. गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं.

म्हणून ‘हात ओळखणं’ हा प्रकार वाटतो तेवढा सोपा नाही. या विषयाचा पाया हॅरिएट मेरिफील्ड फोर्ब्ज या बाईंनी १९२७ साली घातला, म्हणजे बेन्सननी दुकान घेतलं त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग. त्यांनी दगडांचे फोटो काढले आणि दुसरीकडे मृतांच्या इस्टेटीचे हिशेब चाळले. माणूस मेला की त्याच्या मालमत्तेतून कोणाला काय दिलं याची कोर्टात नोंद व्हायची, आणि त्यात कधीकधी एक ओळ सापडते: ‘कबरीच्या दगडांबद्दल अमक्याला इतके शिलिंग.’ अमका सापडला, दगड सापडला, की एक खुंटी पक्की होते. मग त्या दगडावरचा आकड्यांचा वळसा, पंखांच्या पिसांची रांग, कडेच्या पानाफुलांची ठेवण दुसऱ्या निनावी दगडांवर शोधायची.

ही पद्धत चांगली आहे, मी रोज वापरतो. पण तिच्यात तीन खड्डे आहेत. पहिला: दगडावरची तारीख मृत्यूची असते, कोरण्याची नव्हे. घरच्यांनी पाच-दहा वर्षांनी पैसे जमवून दगड उभा केला, असं सर्रास व्हायचं. दुसरा: हिशेबातलं नाव पैसे घेणाऱ्याचं असतं. ते मालकाच्या खिशात गेले. छिन्नी कोणी धरली होती हे हिशेब सांगत नाही. तिसरा खड्डा सगळ्यात खोल. गुलामाला इस्टेट कुठली? इस्टेट नाही तर हिशेब नाही, आणि हिशेब नाही तर ती ओळही नाही. पॉम्पीसारख्या माणसासाठी ही पद्धत मुळातच आंधळी आहे.

उरते सही. वसाहतकाळात कबरीच्या दगडांवर सह्या विरळाच. मॅसॅच्युसेट्सच्या वेकफील्डला १७०९ सालचा पियरपॉन्ट नावाच्या धर्मोपदेशकाचा दगड आहे, त्यावर ‘एन. एल.’ अशी अद्याक्षरं आहेत. ती नॅथॅनियल लॅमसनची, वय फार तर सोळा. बाप जोसेफ लॅमसन नावाजलेला कारागीर. पोराने चारचौघांच्या नजरेत भरेल असं काम केलं आणि कोपऱ्यात आपला शिक्का मारला. बहुतेक सह्या अशाच, म्हणजे जाहिरात. काही जण किंमत किंवा अद्याक्षरं दगडाच्या खालच्या, मातीत जाणाऱ्या भागावर कोरत. दगड कलला की आम्ही तो उचलतो तेव्हा हे बघायला मिळतं, कधी नवशिक्याने गिरवून पाहिलेली दोन-तीन अक्षरंही. तो क्षण मला फार आवडतो, हे कबूल करतो.

पॉम्पीची सही या कुठल्याच जातीची नाही. कफीच्या दगडावरचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा: ‘हा दगड पॉम्पी स्टीव्हन्सने कोरला, त्याचा भाऊ कफी गिब्ज याच्या स्मरणार्थ, जो २७ डिसेंबर १७६८ रोजी वारला, वय ४० वर्षे.’ बस, एवढंच. पण त्या काळचे शेकडो दगड वाचले असतील तर इथे डोळा अडखळतो. दगडांची सुरुवात ठरलेली असते: ‘येथे अमक्याचा देह आहे’ किंवा ‘अमक्याच्या स्मरणार्थ’. इथे वाक्य सुरू होतं ते ‘हा दगड कोरला’ने. कोरणारा आधी, मृत नंतर, आणि दोघांना जोडणारा शब्द ‘भाऊ’. सही कोपऱ्यात नाही, खाली बारीक अक्षरात नाही. सही हेच वाक्य आहे.

आणि त्या वाक्यात काय नाही तेही बघा. न्यूपोर्टातल्या काळ्या माणसांच्या दगडांवर बहुतेक वेळा मालकाचा उल्लेख असतोच. त्याच दफनभूमीत १७७३ सालचा फिलिस नावाच्या तरुणीचा दगड आहे. तिच्याबरोबर तिचं तान्हं बाळही गेलं. मजकुरात ती आधी ‘जोसायस लिंडन यांची विश्वासू नोकर’ आहे, मग झिंगो स्टीव्हन्सची बायको. ‘नोकर’ हा गुलामासाठी वापरायचा सभ्य शब्द. कफीच्या दगडावर हा शब्द नाही, मालकाचं नाव नाही. मालक उरलाय तो फक्त आडनावात. सख्खे म्हणा, मानलेले म्हणा, दोन भाऊ, आणि आडनावं दोन, कारण मालक दोन.

पहिल्या नावांवरही थांबायला हवं. कफी म्हणजे कोफी. आजच्या घानाच्या किनाऱ्यावरच्या अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं, आणि कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. न्यूपोर्टच्या कागदांत कुआमिनो, कजो, क्वॉश अशी नावं दिसतात, ती अनुक्रमे शनिवार, सोमवार आणि रविवारची. आपल्याकडे बुधा, सोम्या, मंगळ्या असायचे तसंच. पॉम्पी मात्र रोमन सेनापतीचं नाव, मालकांनी हौसेने दिलेलं. सीझर, केटो, प्रिन्स ही त्याच पठडीतली. एका भावाचं नाव आफ्रिकेतून आलेलं, दुसऱ्याचं मालकाच्या लॅटिनच्या पुस्तकातून, आणि दोन्ही एकाच पाटीवर.

दुसरा दगड, छोट्या पॉम्पी लिंडनचा, हाही तितकाच बोलका आहे, पण त्याचं बोलणं दगडाबाहेरून कळतं. हे मूल सीझर लिंडन आणि सॅरा यांचं. सीझर हा जोसायस लिंडनचा गुलाम, आणि त्याचा कारभारीसुद्धा: मालकासाठी खरेदी करायचा, हिशेब लिहायचा. मालक १७६८ मध्ये वसाहतीचा गव्हर्नर झाला. सीझरने स्वतःच्या देण्याघेण्याचीही वही ठेवली होती आणि ती वही शिल्लक आहे. तिच्यात ऑगस्ट १७६६ मधल्या एका सहलीचा खर्च आहे. सीझर, सॅरा, फिलिस, झिंगो आणि आणखी काही मंडळी शेजारच्या पोर्ट्समथ गावी गेली. भाजायला डुक्कर, मक्याची कोवळी कणसं, रम, लिंबं, साखर, लोणी, चहा, कॉफी, सगळ्याची किंमत टिपलेली. मूल जाऊन वर्षही झालं नव्हतं. कोणी काही म्हणो, मला त्या दगडाकडे बघताना ती वही आठवतेच. छिन्नी धरणारा, मुलाचा बाप, सहलीचे सोबती, सगळे एकाच गोतावळ्यातले.

इथे एक गुंता आहे, तुम्ही वाचायला लागलात की भेटेल म्हणून सांगतो. पॉम्पी आणि झिंगो हे दोन्ही स्टीव्हन्सांच्या घरचे. जुन्या लिखाणात हा एकच माणूस धरलेला असतो: आधी गुलामीतलं नाव पॉम्पी, सुटल्यावर आफ्रिकी नाव झिंगो, अशी छान गोष्ट सांगतात. अलीकडच्या अभ्यासात मात्र ते दोन वेगळे माणूस असल्याची बाजू मांडली गेली आहे, आणि मला ती जास्त पटते. पॉम्पीचे दोन दगड ज्या काळातले, त्याच काळातल्या सीझरच्या वहीत झिंगो झिंगो म्हणूनच हजर आहे (फक्त सीझरने ते नाव ‘लिंगो’ असं लिहिलंय). एकाच माणसाला त्याचे मित्र वहीत एक नाव आणि दगडावर दुसरं का देतील? गोष्ट छान आहे म्हणून दोन माणसांचा एक करू नये. गुलामांच्या नशिबी नावं पुसली जाणं आधीच भरपूर आलं होतं.

तर मग बाकीचे दगड? न्यूपोर्टच्या कॉमन बरीइंग ग्राउंडच्या उत्तरेकडच्या भागाला ‘गॉड्स लिट्ल एकर’ म्हणतात. वसाहतकाळातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या इतक्या नावानिशी कबरी अमेरिकेत दुसरीकडे क्वचितच एकत्र सापडतील. तिथल्या काही पंखवाल्या चेहऱ्यांचे केस, ओठ, नाक आफ्रिकी धाटणीचे आहेत असं अनेकांना वाटतं, आणि लगेच ‘हा पॉम्पीचा’ असं बोट दाखवलं जातं. काही चेहरे वेगळे आहेत, हे मलाही दिसतं. पण वेगळा चेहरा हा गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरूनही होतो, आणि दुकानातल्या कुठल्याही हातातून होतो. फिलिसचा दगड मालकांच्याच घरातल्या विल्यम स्टीव्हन्सने कोरला असं मानलं जातं, आणि विल्यम गोरा होता. चेहऱ्याच्या रंगरूपावरून कोरणाऱ्याचा रंग ठरवणं मला तर्कदुष्ट वाटतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि ती फारसं कोणी बोलत नाही. पॉम्पी जर दुकानात कामाला होता, तर त्याचं रोजचं काम काय असणार? गावातल्या व्यापाऱ्यांचे, कप्तानांचे, त्यांच्या बायकांचे दगड. म्हणजे पॉम्पीचं शिल्लक काम शोधायचं तर ते उत्तरेच्या कोपऱ्यात कमी आणि टेकडीवरच्या प्रतिष्ठितांच्या रांगांत जास्त असायला हवं, निनावी, मालकाच्या हातासारखं दिसणारं. ज्यांनी माणसं विकली त्यांच्या डोक्याशी उभ्या असलेल्या काही दगडांवरची अक्षरं विकत घेतलेल्या माणसाची असतील. कुठली, ते बोट ठेवून दाखवता यायचं नाही. दुकानाची शिस्तच तशी होती.

ठसे घेण्याच्या दिवसांतली एक गोष्ट इथे आठवते. पितळखोऱ्याच्या लेण्यांतल्या यक्षाच्या मूर्तीवर ‘कण्हदासाने, सोनाराने, केली’ अशा अर्थाची ब्राह्मीतली ओळ आहे. तिथे दान देणाऱ्यांची नावं कितीतरी. करणाऱ्याचं नाव दिसलं की आमचे गुरुजी चष्मा पुसून पुन्हा बघायचे. न्यूपोर्टला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नकळत माझाही हात चष्म्याकडे गेला होता.

आता कामाचं. तुम्ही पुन्हा जाणार असाल तर दगड वाचायला खडू, पीठ, शेव्हिंगचा फेस यांतलं काहीही लावू नका. खडूचे कण थरांत शिरतात, फेसातलं आम्ल आत राहतं. कागद ठेवून मेणखडूने घासायचा जुना छंदही नको. स्लेट आतून पोकळ झालेली असते, वरून कळत नाही, आणि दाबाने पापुद्रा सुटतो. वाजवून पाहण्याचा मोहही आवरा, ते शिकलेल्या हाताचं काम आहे. दगडावरची पांढरी-पिवळी नक्षी म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं. कोरडी असताना खरवडली तर ती दगडाचे कण घेऊनच सुटतात. एका गावात (नाव नको) एका उत्साही मंडळाने तारेचा ब्रश आणि ब्लीच घेऊन एका रविवारी साठेक दगड ‘लखलखीत’ केले. दोन हिवाळे गेले, खाचांत राहिलेला क्षार फुगला, आणि अक्षरांच्या कडा विस्कटलेल्या बिस्किटासारख्या गळायला लागल्या. दोनशे वर्षं पावसाने केलं नव्हतं ते एका दुपारने केलं. भरपूर पाणी, मऊ ब्रश आणि दफनभूमीच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी, याखेरीज दगडाला काही लावू नका.

हिवाळा हाच स्लेटचा खरा शत्रू. वरच्या कडेतून पाणी थरांत शिरतं, गोठतं, फुगतं आणि फळी पुस्तकासारखी उघडते. तरी स्लेट नशीबवान. तिच्यानंतर फॅशन आली ती संगमरवराची, आणि १८३०-४० चे संगमरवरी दगड आज ओल्या साखरेसारखे झालेत; त्यांच्या शेजारी १७६८ ची अक्षरं कालची वाटतात.

वाचायचं ते उजेडाने वाचा. जाताना एक लांब आरसा न्या, कपाटाच्या दारावर लावतात तसा, आणि सोबत एक माणूस. उजेड समोरून पडला की दगड सपाट पाटी दिसतो. तो कडेने, दगडाला घासून गेला पाहिजे. सोबत्याला दगडाच्या बाजूला दहा-बारा फुटांवर उभं करा आणि ऊन आरशात पकडून तिरकं सोडायला सांगा. डॅनियल आणि जेसी लाय फार्बर या दांपत्याने याच युक्तीने हजारो दगडांचे फोटो काढले. वूस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीकडे त्यांच्या संग्रहातली तेरा हजारांहून अधिक छायाचित्रं आहेत आणि ती घरबसल्या बघता येतात. जाण्याआधी ती जरूर बघा, कारण काही दगडांवर फोटोत जे दिसतं ते आता जागेवर उरलेलं नाही.

आणि आरसा फिरवताना अक्षरांवरच खिळून राहू नका. ओळींच्या वर आणि खाली बघा. नीट टिकलेल्या स्लेटवर आखणीच्या त्या केसाएवढ्या रेघा अजून असतात. कोरून झालं की त्या पुसायच्या भानगडीत कोणी पडत नसे. छिन्नीला हात घालण्याआधी कोरणाऱ्याने जागा कशी मोजली, शब्द कुठे बसेना, कुठे अक्षर वर उचलून बारीक केलं, हे सगळं त्या रेघांत कळतं. थेम्स स्ट्रीटवरचं दुकान तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दफनभूमीत सकाळी लवकर जाऊ नका. दुपार कलू द्या, आणि आभाळ असलं तर दुसरा दिवस बघा.